पैसा नुसता पडदा असता तर लिलाव बंद कशाला पडला असता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पैशावर जो लेख आला तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहासोबत आणि एकदा संध्याकाळी, तेव्हा जरा चिडूनच. लेख चांगला लिहिलाय, भाषा सोपी आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यात म्हटलंय की जुन्या अर्थशास्त्रज्ञांनी केव्हाच सिद्ध करून ठेवलंय की पैसा म्हणजे नुसता पडदा, त्याच्या मागे खरा व्यवहार मालाचा मालाशीच चाललेला असतो, बाजार आपोआप समतोलाला येतो आणि पैसा दुप्पट केला तर भाव दुप्पट होतील, बाकी कोणाचं काही बिघडत नाही. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. पत्र लांब होणारे, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त लासलगावचा भाग तेवढा ठेवा.

मी कोणी अर्थतज्ज्ञ नाही. कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे वीस वर्षं हिशेब लिहितेय, हिशेबपट्ट्या, चेक, उधाऱ्या, वांधे सगळं माझ्या टेबलावरून जातं. लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं अर्थशास्त्र घेऊन, पुस्तकं घरी आली आणि परीक्षा संपली तरी वाचायची खोड काही गेली नाही. वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. तिथे १९२८ पासून नोटा छापतात, आणि आमच्या भागात दर चार घरांमागे एक प्रेसवाला.

वडिलांना गावाकडचे पाहुणे हमखास विचारायचे, मशीन तुमच्याच हातात आहे तर दोन-चार गड्ड्या जास्तीच्या छापा की, गरिबी तरी हटेल. वडील सातवी शिकलेले. ते म्हणायचे, "छापतो ना. पण मग तुझ्या म्हशीचं दूध मला आजच्याच भावानं देशील, एवढं आधी लिहून दे." पाहुणा हसायचा, विषय मिटायचा. पुढे बी.ए.ला चलन संख्यामान सिद्धांत आला, म्हणजे पैसा वाढला की भावही वाढतात हा, तेव्हा कळलं की हा धडा तर आमच्या ओट्यावरच होऊन गेलाय.

कल्पना जुनीच आहे. कोपर्निकसने, हो तोच, पृथ्वी सूर्याभोवती फिरवणारा, नाण्यांवर लिहिताना म्हणून ठेवलं होतं की नाणी फार पाडली की पैसा स्वस्त होतो. १५६८ मध्ये फ्रान्सच्या जाँ बोदँने लिहिलं की महागाईचं मोठं कारण म्हणजे अमेरिकेतून येणारं सोनं-चांदी. १९११ मध्ये अमेरिकेच्या आयर्विंग फिशरने ते समीकरणात बसवलं, पैसा गुणिले त्याच्या फिरण्याचा वेग बरोबर भाव गुणिले व्यवहार. (हाच फिशर १९२९ च्या ऑक्टोबरात म्हणाला होता की शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचलेत, आणि थोड्याच दिवसांत बाजार कोसळला, त्यात त्याचे स्वतःचेही पैसे बुडाले. समीकरण चांगलं असून भागत नाही.) पण तुमच्या लेखकाने हे नाही सांगितलं की खुद्द फिशरने त्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण मधल्या काळावर खर्च केलंय. म्हणजे पैसा वाढलाय पण सगळं अजून जागेवर बसायचंय तो काळ, ज्यात भाव पुढे पळतात, व्याजाचा दर मागे राहतो आणि कर्ज काढून धंदा करणाऱ्याची चांदी होते.

स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, त्याचंही तेच. १७५२ चा त्याचा निबंध आहे पैशावर, त्यात तो म्हणतो की पैसा हे व्यापाराचं चाक नव्हे, चाकाला घालायचं तेल आहे. लेखकाने तेवढं वाक्य उचललं आणि पुढचं पान सोडून दिलं. पुढे ह्यूम स्पेनच्या कादिझला माल पाठवून सोनं-चांदी मिळवलेल्या व्यापाऱ्यांची गोष्ट सांगतो. ते व्यापारी जास्त कामगार लावतात, कामगार मजुरी घेऊन बाजारात जातो तर भाव कालचेच, मग तो जास्त आणि चांगलं सामान घेऊन घरी येतो, ते बघून शेतकरी नि माळी जोमाने पिकवायला लागतात, आणि असा तो पैसा हातोहात सगळीकडे जिरल्यावर भाव चढलेले असतात. फायदा काय तो या मधल्या काळातच, हे ह्यूमने स्वतः लिहिलंय. आता ज्याला पडदा म्हणायचं त्याच्यामुळे माणसं कामाला लागली, घरात चार जिन्नस जास्त आले, तर तो पडदा कसला?

मला मात्र या सगळ्यांत आवडतो तो कँटिलॉन. आयरिश माणूस, पॅरिसमध्ये बँकर, जॉन लॉच्या मिसिसिपी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटायच्या आधी बाहेर पडून गब्बर झालेला. १७३४ मध्ये लंडनमधल्या घराला आग लागली त्यात गेला, आणि पुस्तक छापून आलं ते १७५५ ला. त्याचं म्हणणं असं की पैसा वाढला की भाव वाढतात हे तर कोणीही सांगेल, तो कोणाच्या हातातून आत आला ते बघा. समजा खाण सापडली. तर आधी खाणीचा मालक आणि तिथले कामगार खर्च करणार, मग ते जे खातात-पितात त्याचे भाव आधी चढणार, आणि ज्याचं उत्पन्न बांधलेलं आहे, ज्याने जमीन ठरलेल्या खंडाने दिलीय, तो मधल्यामध्ये पिचणार. सगळे भाव एकदम, एका मापाने कधीच वाढत नाहीत.

हे आमच्याकडे पुस्तक न उघडता बघायला मिळालं. समृद्धी महामार्गासाठी सिन्नर-इगतपुरीकडच्या जमिनी गेल्या आणि मोबदला खात्यावर आला. त्या भागात माझी नणंद राहते. ती सांगायची, पहिल्यांदा प्लॉटचे भाव हलले, मग दारात गाड्या आल्या, मग मंगल कार्यालयाचं भाडं, मग गवंड्याची मजुरी, आणि शेतमजुरीचा दर सगळ्यात शेवटी, तोही कुरकुरत. नणंदेच्या घरची एक गुंठाही जमीन गेली नाही. तिच्या वाट्याला तेवढं खोलीचं भाडं वाढून आलं, खोली तीच, घरमालक तोच. तिला जाऊन सांगा की पैसा म्हणजे पडदा आहे आणि बाकी कोणाचं काही बिघडत नाही.

आणि इथे बाबासाहेबांचं नाव लेखात नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. आपल्या जिल्ह्याला काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह ठाऊक आहे, येवल्याची १९३५ ची घोषणा ठाऊक आहे, पण १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांचं रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक निघालं ते किती जणांनी चाळलंय? त्यात १८९३ ला चांदीच्या टाकसाळी लोकांसाठी बंद झाल्या त्याच्या आधीचा आणि नंतरचा सगळा इतिहास आहे, आणि केन्ससारख्या बड्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ज्या चलनपद्धतीची बाजू घेतली होती तिला सरळ विरोध आहे. प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन सगळ्या मुद्द्यांशी सहमत नव्हते आणि त्यांनी ते तसं लिहिलंही. मला त्यातलं पटलं ते असं की रुपया घसरला की देशाच्या व्यापाराचा फायदा होतो म्हणतात, तो फायदा येतो कुठून? भाव चढतात आणि मजुरी त्या वेगाने चढत नाही, त्या फरकातून येतो. म्हणजे मालकाच्या खिशात जे पडलं ते मजुराच्या ताटातून गेलं. कँटिलॉनचाच मुद्दा, फक्त मजुराच्या बाजूने बसून मांडलेला.

आता वॉलरास. लेखाचा अर्धा भाग त्याच्यावर आहे आणि तो असायलाच पाहिजे. हा फ्रेंच माणूस गणितात कच्चा म्हणून पॅरिसच्या नामांकित कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाला, मग कादंबरी लिहिली, पत्रकारिता केली, रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी केली, आणि १८७० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला प्राध्यापक झाला. १८७४ ला पुस्तक काढलं ते सगळं समीकरणांचं. त्याचं म्हणणं, कुठलाच बाजार एकटा नसतो. कांद्याचा भाव हलला की बारदान, गाडीभाडं, मजुरी, ट्रॅक्टरचे हप्ते सगळं हलतं, म्हणून सगळ्या बाजारांची समीकरणं एकदम सोडवायची. आणि त्यातून एक गंमत निघते, की एक सोडून बाकी सगळे बाजार जुळले तर उरलेला एक आपोआप जुळलेलाच असतो. मी दोन-चार खाती घेऊन वहीत करून बघितलं, बरोबर येतं, कारण प्रत्येकाची खरेदी ही दुसऱ्या कोणाची विक्रीच असते. ताळेबंद लिहिणाऱ्या बाईला हे आवडणारच.

पण भाव ठरतात कसे? वॉलरास म्हणतो चाचपडत. भाव पुकारायचा, मागणी जास्त निघाली तर वाढवायचा, माल जास्त निघाला तर उतरवायचा, असं करत करत सगळं जुळेपर्यंत. त्याच्या डोळ्यापुढे पॅरिसच्या शेअर बाजारासारखे पुकारा करून चालणारे बाजार होते. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, जी लेखात आलीच नाही, ती ही की सगळे भाव जुळेपर्यंत एकही सौदा पक्का होत नाही. पुढच्या आवृत्तीत त्याने त्यासाठी चिठ्ठ्यांची कल्पना घातली, विकणाऱ्याने चिठ्ठीवर लिहून द्यायचं की या भावाला इतका माल देईन, आणि भाव जुळला नाही तर चिठ्ठी रद्द.

आता लासलगावला चला. सकाळी नऊच्या सुमाराला ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत लागलेल्या असतात, शेतकरी ट्रॉलीवर नाहीतर चाकाजवळ उभा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकत जातो. कोणी हात कोपरापर्यंत कांद्यात घालून तळातला कांदा वर काढतो, अंगठ्याने पत्तीवर, म्हणजे सालीवर, घासतो, जोडकांदा किती, बारीक गोल्टी किती बघतो, तोवर पुकारा सुरू झालेला, तेराशे, तेराशे अकरा, तेराशे पंचवीस, आणि अर्ध्या-एक मिनिटात खेळ संपतो. चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात. पुढची ट्रॉली. तसलाच कांदा, शेजारच्याच गावचा, बाराशे ऐंशीला जातो कारण दोन व्यापाऱ्यांची आजची गरज मागच्याच ट्रॉलीवर भागली. पंधराव्या ट्रॉलीपर्यंत कळतं की आज आवक जास्त आहे. मग कोणी पहिल्या ट्रॉलीकडे जाऊन म्हणतं का, की बाबा तुझी चिठ्ठी दे इकडे, फाडू आणि नव्याने सुरू करू? आमच्याकडे चिठ्ठी झाली की झाली. फार तर भुईकाट्यावर वजन होऊन माल खळ्यावर उतरल्यावर खालचा माल हलका निघाला म्हणून वांधा निघतो आणि भाव तोडला जातो. मी व्यापाऱ्याकडे कामाला आहे तरी सांगते, वांधा कधी खरा असतो आणि कधी काढलेला असतो.

वॉलरासला हे माहीत नव्हतं असं माझं म्हणणं नाही. त्याने जाणूनबुजून सोपं करून घेतलं, गणित सुटावं म्हणून, आणि त्याला तो हक्क आहे. पण तो सोपा केलेला बाजार म्हणजेच खरा बाजार असं सांगणाऱ्यांना तो नाही.

त्या सोप्या बाजारात पैशाला कामच राहत नाही, हे तर आणखी मजेशीर. एक कुठलीही वस्तू घ्या, तिची किंमत एक धरा, बाकी सगळं तिच्यात मोजा, मग तो कांदाही चालेल. पण हे झालं माप. किलो हेही माप आहे, म्हणून किलो कोणी गल्ल्यात जपून ठेवत नाही. सगळे सौदे एकाच वेळी, जुळलेल्या भावाने होणार असतील तर रोख जवळ बाळगायची कशाला? वॉलरासलाही ते खटकत होतं, म्हणून १९०० च्या आवृत्तीत त्याने लोकांना हाताशी ठेवावीशी वाटणारी रोकड समीकरणांत आणली. कारण दिलं की येणं आणि देणं एकाच दिवशी पडत नाही. हे अगदी आमच्या गल्ल्यातलं वर्णन आहे, शेतकऱ्याला त्याच दिवशी चुकते करायचे आणि दिल्ली-कोलकात्याच्या पार्टीचे पैसे पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. पण त्याच्या हिशेबात कोणाचं किती आणि कधी येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आम्हाला? १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, शनिवार होता. त्याच साली ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. उद्या काय होईल ते माहीत नसतं म्हणूनच गल्ल्यात रोख लागते. केन्सने १९३६ मध्ये हे म्हणून दाखवलं, आमचे शेठ तर कायमच म्हणतात. आणि १९६५ ला फ्रँक हान नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पैसा वरून जोडलेल्या अशा गणितात पैशाची किंमत शून्य धरली तरी समतोल निघतोच. म्हणजे वडिलांनी आयुष्यभर छापलेली नोट ही त्या गणिताला नुसता कागद म्हणूनही चालते. हे वाचलं तेव्हा वडील हयात नव्हते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.

ह्यूमच्या दुसऱ्या एका निबंधात एक कल्पना आहे. समजा एका रात्रीत इंग्लंड-स्कॉटलंडमधला पाचपैकी चार हिस्से पैसा नाहीसा झाला तर? तो म्हणतो, भाव आणि मजुरी त्याच प्रमाणात उतरतील, स्वस्तपणामुळे आपला माल परदेशात खपेल आणि गेलेला पैसा बघता बघता परत येईल. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आपल्याकडे ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या, चलनातल्या नोटांच्या किमतीच्या ८६ टक्के. पाचात चार म्हणजे ८० टक्के, आपण ह्यूमच्याही पुढे गेलो. आता कोणी म्हणेल हा दाखला चुकीचा आहे, पैसा नाहीसा झाला नव्हता, बँकेत अडकला होता. बरोबर आहे, ९९ टक्क्यांच्या वर नोटा परत जमा झाल्या. पण मग तर माझं म्हणणं जास्तच पक्कं होतं. खात्यावर पैसा तेवढाच, शेतात कांदा तेवढाच, खाणारी तोंडं तेवढीच, गाड्या उभ्या, हमाल हजर. तरी लिलाव बंद.

काही दिवसांनी चेकवर सुरू झाले. पहिल्या दिवशी मी चेक लिहून लिहून बोटं दुखवून घेतली. त्यातले काही बँकेतून परत आले कारण पासबुकावर आडनाव आधी आणि मी नाव आधी लिहिलेलं. ज्यांचं खातं जिल्हा बँकेत त्यांची तर वेगळीच कथा, जिल्हा बँकांना १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घ्यायलाच मनाई होती. एक शेतकरी चेक हातात धरून माझ्या टेबलाशी बराच वेळ उभे होते. उन्हाळ कांद्याची लागवड तोंडावर, पंधरा बाया रोजाने लावलेल्या. म्हणाले, "ताई, हा फाडून पंधराजणींत वाटू का?" मी काय सांगणार. शेवटी त्यांनी गावातल्या किराणावाल्याला मध्ये घातलं, बायांनी मजुरीऐवजी त्याच्याकडून तेल-साखर उचलायची आणि चेक वटला की हिशेब करायचा. भाव रोखीपेक्षा किराणावाल्याने चढाच लावला हे वेगळं सांगायला नको.

त्या बायांची मजुरी ह्यूम म्हणतो तशी प्रमाणात वगैरे काही उतरली नाही. काहीजणींना कामच मिळालं नाही. आणि इकडे आमच्या गल्लीतले प्रेसवाले रविवारी सुद्धा डबा घेऊन ड्युटीला जाताना मी बघत होते.

लेखकांनी पुढचा भाग लिहिणार असं म्हटलंय, त्यात कँटिलॉन आणि बाबासाहेब दोघांना जागा द्यावी एवढी विनंती. पडद्याची उपमा ठेवायचीच असेल तर ठेवा, पण मग तो पडदा कोणाच्या घरावर पडतो तेही लिहा.

कळावे,
एक वाचक, नाशिकरोड

ता. क. लेखासोबतच्या चौकटीत वॉलरासच्या पुस्तकाचं साल १८४७ छापलंय, ते १८७४ पाहिजे. त्याचा जन्म १८३४ चा, ४७ साली तो शाळेत होता.